सहा सेल आणि दोन स्क्रू: आत्याचा हातातला व्हॅक्यूम बदलताना

माझी आत्या ७२ वर्षांची. पुण्यात सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. धुळीचा दमा तिला पस्तिशीपासून आहे. त्याच घरात अदमासे बाराशे पुस्तकं आहेत, बहुतेक उघड्या फडताळांत. त्यातली निम्मी माझ्या आजोबांची, हात लावला की पिवळा भुसा पडणारी. शिवाय कापसाच्या दोन गाद्या, खिडकीखाली वाहता रस्ता आणि तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाचा झिजलेला सांधा. हे सगळं एकत्र धरूनच पुढचे निर्णय झाले, म्हणून आधी सांगून ठेवते.

२००८ साली तिने हातात धरायचा, बिनवायरचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर घेतला होता. फडकं मारलं की धूळ उडते आणि ती उडालेली धूळ तिच्या छातीत जाते. ओल्या फडक्याने पुस्तकांच्या कडा पुसता येत नाहीत. म्हणून हे यंत्र. गेली सात-आठ वर्षं ते चार्जिंगनंतर जेमतेम तीन-चार मिनिटं चालायचं आणि ती तेवढ्यात एक कप्पा उरकून घ्यायची. २०२३ च्या दिवाळीच्या साफसफाईत ते दीड मिनिटात थांबलं. तिने मला फोन केला. "अगं, नवा बघ एखादा. पण हा मी कचऱ्यात टाकणार नाही हं. पंधरा वर्षं राबलाय माझ्यासाठी."

या कामाला पाच महिने लागले. मी उलट क्रमाने गेले असते, म्हणजे आधी नवा घेऊन मग जुन्याकडे वळले असते, तर नवा चुकीचा घेतला असता याची मला खात्री आहे. जुना उघडून पाहिला तेव्हाच कळलं की नव्यात काय बघायचं.

आधी दुरुस्ती

पहिला प्रश्न साधा होता: हाच परत चालू होईल का? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती एका जागी द्यावी असा त्याचा हेतू. पण हे मॉडेल कधीच बाजारातून गेलेलं, त्यामुळे तिथे काही मिळायची शक्यता नव्हती. मी यंत्र पिशवीत घातलं आणि तपकीर गल्लीत गेले. पुण्यात वायर, मोटर, सर्किट यांपैकी काहीही अडलं की पाय आपोआप तिकडे वळतात.

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी ते उघडलं. आत जाडजूड सहा सेल एकमेकांना जोडलेले, वर निळं प्लास्टिक आणि त्यावर निकेल-कॅडमियमची खूण. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, सहा मिळून ७.२. क्षमता १.३ अँपिअर-तास. गुणाकार केला तर साधारण ९.४ वॅट-तास ऊर्जा. मोटर साठेक वॅट खात असेल, तर नवीन असताना यंत्र नऊ-साडेनऊ मिनिटं चाललं असणार. आत्याला विचारलं. म्हणाली, "हो, एक अख्खं फडताळ व्हायचं तेव्हा." हिशेब जुळला.

काकांनी सहा नवे निकेल-मेटल हायड्राइड सेल जोडून द्यायची तयारी दाखवली, पंधराशे रुपयांत. पण त्यांनी स्वतःहूनच एक अडचण सांगितली, आणि त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटलं. या यंत्राचा चार्जर म्हणजे नुसता ट्रान्सफॉर्मर. सेल भरले की थांबायचं, हे त्याला कळत नाही. तो बारीक प्रवाह देत राहतो. चौदा-सोळा तासांत सेल भरतात आणि पुढेही तो देतच राहतो. निकेल-कॅडमियमचे सेल हे बऱ्यापैकी सहन करतात, निकेल-मेटल हायड्राइडचे कमी. म्हणजे नवे सेल जुन्या चार्जरवर टांगून ठेवले की लवकर मरणार. चार्जरही बदलायचा, तर खर्च वाढणार. त्यातच धुळीच्या डबीची खिट्टी तुटलेली आणि तोंडाशी असलेली रबरी झडप फाटलेली. ती झडप नसेल तर यंत्र बंद करून खाली धरलं की ओढलेली धूळ परत बाहेर पडते. आत्या गेली दोन-तीन वर्षं तेच श्वासात घेत होती आणि ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. याची मला आजही हळहळ वाटते.

पुन्हा निकेल-कॅडमियमचेच सेल टाकायचे, हाही एक मार्ग होता. पण त्याचा अर्थ नवं कॅडमियम घरात आणायचं. दुरुस्तीचा विचार तिथे संपला.

बॅटरी बाहेर काढली तो रविवार

जुनं यंत्र देऊन टाकायचं तर बॅटरी वेगळी करून द्यावी, अशी माझी समजूत होती. घरी आणून चार स्क्रू काढले. दोन सेलांच्या टोकांना पांढरी, मिठासारखी खपली आलेली. मी ती सरळ नखाने खरवडली. काही क्षणांत बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली आणि मग चुरचुरायला लागली. या सेलांतलं द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं असतं, म्हणजे चांगलंच तीव्र अल्कली. गळून हवेला लागलं की त्याची पोटॅशियम कार्बोनेटची पांढरी पूड होते. नळाखाली पाच-सात मिनिटं हात धरला आणि त्रास थांबला. नंतर रबरी हातमोजे घातले आणि यंत्रातली खपली व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसली.

बॅटरीच्या वायरी कापताना एक गोष्ट मला माहीत होती ती मी पाळली: दोन्ही वायरी एका कात्रीत एकदम कापायच्या नाहीत, शॉर्ट होते. आधी एक कापायची, तिच्या टोकाला टेप लावायचा, मग दुसरी. जुनी मेलेली बॅटरीसुद्धा ठिणगी पाडू शकते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं वजन केलं. सहा सेल २९० ग्रॅम. मोटर २१० ग्रॅम. बाकीचं जवळजवळ सगळं प्लास्टिक, आतल्या बाजूला बारीक अक्षरांत 'एबीएस' असा शिक्का असलेलं. चार्जर वेगळा, १८० ग्रॅम.

या २९० ग्रॅमपाशी मी बराच वेळ बसले. अशा सेलात कॅडमियम वजनाच्या पंधरा टक्के जरी धरलं तरी ते चाळीस ग्रॅमच्या वर जातं. कॅडमियम शरीरात गेलं की मूत्रपिंडात साठतं आणि निघायला दशकं लागतात. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातशेतीत गेलं, तिथून माणसांच्या हाडांत दुखणं होऊन बसलं. त्या रोगाला लोकांनी दिलेलं नाव 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. प्रदूषणातून झालेला आजार म्हणून जपान सरकारने तो १९६८ साली मान्य केला. तिथे खाणीतून टनावारी कॅडमियम नदीत गेलं होतं, माझ्यापुढे एक मूठभर वस्तू होती, याची मला जाणीव आहे. पण आत्याच्या घरातून निघालेली ती मूठ कोणाच्या हातात जाणार, हे तर मलाच ठरवायचं होतं.

आणि त्याच बैठकीत नव्या यंत्रासाठीची एक अट पक्की झाली. बॅटरी बदलता आली पाहिजे. घरच्या स्क्रूड्रायव्हरने, वायर न कापता, खपलीला हात न लावता.

निवड

शेजारून, मावसभावाकडून आणि एका मैत्रिणीकडून मी तीन यंत्रं आठवड्याभरासाठी मागून आणली: वायरचं हातातलं यंत्र, गाडीसाठी म्हणून विकतात तसं अगदी छोटं यूएसबीवर चार्ज होणारं, आणि मध्यम आकाराचं बिनवायरचं, ज्याची लिथियम-आयन बॅटरी मुठीखालून सरकवून काढता येते. चौथा पर्याय उभ्या दांड्याचा, ज्याचा वरचा भाग सुटा करून हातात धरता येतो. तो आम्ही दुकानातच सोडला. दहा हजारांच्या पुढची किंमत, आणि दांडा काढल्यावरही मुठीत येणारं वजन दीड किलोच्या घरात.

खोक्यावरचे आकडे वाचताना एक गोष्ट समजून घ्यायला हवी होती, ती मला जरा वेळ लागून समजली. ठळक छापलेला आकडा किलोपास्कलचा, म्हणजे ओढीच्या जोराचा असतो. तो यंत्राचं तोंड पूर्ण बंद केल्यावरचा, म्हणजे हवा वाहतच नसतानाचा. शहाळं पिताना स्ट्रॉचं टोक मलईत रुतलं की ओढ जोरात लागते, पण पाणी येत नाही; ती ही अवस्था. धूळ उचलायला ओढ हवी आणि वाहती हवाही हवी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एअर वॅट: किलोपास्कल गुणिले दर सेकंदाला लिटर. समजा तोंड बंद असताना ओढ १० किलोपास्कल आणि तोंड मोकळं असताना प्रवाह १२ लिटर. हे दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. एक वाढतं तसं दुसरं घटतं, आणि ते साधारण सरळ रेषेत घटतं असं धरलं तर सगळ्यांत चांगली जागा मध्यावर येते: ५ गुणिले ६, म्हणजे ३० एअर वॅट. खोक्यावर 'शंभर वॅट' लिहिलेलं असतं ते मोटर किती वीज खाते एवढंच सांगतं, किती धूळ उचलेल हे नाही.

तसंच 'तीस मिनिटं' या दाव्याचं. बिनवायरच्या यंत्राची बॅटरी ११.१ व्होल्ट, २ अँपिअर-तासांची होती: २२.२ वॅट-तास. जोरावर चालवलं की मोटर नव्वदेक वॅट घेते, म्हणजे जेमतेम पाव तास, पंधरा मिनिटं. तीस मिनिटं ती कमी वेगावरची. बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-तास गुणले की कुणालाही हे दुकानातच काढता येतं. मी तर आता ओळखीच्या प्रत्येकाला ते आधी करायला सांगते.

मग आम्ही घरी चाचण्या घेतल्या. सतरंजीवर पन्नास ग्रॅम रवा पसरायचा, पाच वेळा हात फिरवायचा, डबीतला रवा तोलायचा. वायरच्या यंत्राने ४७ ग्रॅम उचलला, बिनवायरच्याने ४२, छोट्याने २० च्या आसपास. जुन्या यंत्रानेही बॅटरी काढण्याआधी १७ उचलला होता, म्हणजे छोटं नवं यंत्र मरायला टेकलेल्या जुन्यापेक्षा फार पुढे नव्हतं.

खरा निकाल लावला तो दुसऱ्या चाचणीने. रात्री दिवे घालवले, आत्याला शेजारच्या खोलीत बसवलं, जमिनीवर चमचाभर मैदा टाकला आणि यंत्राच्या मागच्या जाळीपाशी टॉर्च तिरपा धरला. छोटं यंत्र सुरू केल्याबरोबर टॉर्चच्या झोतात मागून पांढरा धूर निघाला. पुढून ओढलेला मैदा मागून हवेत. आतला फिल्टर म्हणजे साधी कापडी टोपी, कडेने नीट न बसणारी. दमेकऱ्याच्या घरात असं यंत्र नसलेलं बरं, कारण जमिनीवर शांत पडलेली बारीक धूळ ते नाकाच्या उंचीवर आणून सोडतं. वायरच्या यंत्रातून थोडा मैदा आला. बिनवायरच्यातून मला दिसेल इतकं काही आलं नाही.

त्याच्या खोक्यावर 'हेपा' लिहिलेलं होतं. हेपाचा प्रचलित अर्थ ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. पण तो आकडा फिल्टरच्या कागदाचा असतो. फिल्टरच्या कडेला रबराची गोल पट्टी नसेल आणि हवा बाजूने सटकत असेल, तर कागद कितीही चांगला असून उपयोग नाही. फिल्टर काढून ती पट्टी बोटाने चाचपून बघावी. टॉर्चची चाचणी दुकानदार करू देणार नाही, पण पट्टी बघू देईल.

सक्शनमध्ये वायरचं यंत्र पुढे होतं, किंमतही त्याचीच कमी, आणि बॅटरीचा प्रश्नच नाही. माझं मन त्याच्याकडेच ओढ घेत होतं. जुन्याच्या सेलांनी दिलेल्या त्रासानंतर तर जास्तच. मी आत्याला ते हातात दिलं आणि वरच्या कप्प्यापर्यंत धरायला सांगितलं. एक किलो साडेतीनशे ग्रॅम. तिने चाळीस सेकंद धरलं, मग काही न बोलता टेबलावर ठेवलं आणि अंगठा चोळत बसली. शिवाय पाच मीटरची वायर पायांत. स्टुलावर चढून पुस्तकं पुसणाऱ्या ७२ वर्षांच्या बाईच्या पायांत ती वायर मला नको होती. तो विचार मी तिथेच सोडला.

बिनवायरचं यंत्र पाऊण किलोहून थोडं हलकं. वजन मुठीच्या खाली, बॅटरीपाशी, म्हणून मनगट पुढे झुकत नाही. आणि बटण एकदा सरकवलं की चालू राहतं. पिस्तुलाच्या घोड्यासारखं दाबून धरावं लागणारं बटण असलेली यंत्रं बाजारात पुष्कळ आहेत. त्यात बॅटरी वाचते हे खरं, पण अंगठ्याचा किंवा बोटांचा सांधा दुखत असेल तर ती दोन मिनिटांत नकोशी होतात. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

त्याच जातीचं यंत्र आम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतलं. ४,८०० रुपये. बॅटरीचा खण दोन स्क्रूंनी बंद होतो, बॅटरी खटकन सुटते, वेगळी विकत मिळते. ती मिळते हे आम्ही दुकानदाराला फोनवर मागवायला लावून खात्री करून घेतलं, तेव्हा तिची किंमत १,३०० होती. बॅटरीवर आयएस १६०४६ या भारतीय मानकाची नोंदणी खूण आहे का तेही पाहिलं. एक जादा फिल्टर त्याच दिवशी घेतला. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळायला उन्हाळ्यात एक दिवस लागतो, पण पुण्याच्या पावसाळ्यात दोन दिवसही पुरत नाहीत. ओला फिल्टर घातला की आत धुळीचा चिखल होतो आणि कुबट वास सुटतो.

आम्ही आधी ज्या दुकानात गेलो होतो तिथे एक्स्चेंजमध्ये जुन्याचे तीनशे रुपये मिळत होते. मी विचारलं, जुनी यंत्रं पुढे कुठे जातात? "गोडाऊनला," असं उत्तर आलं. गोडाऊनमधून पुढे कुठे, याची पावती किंवा नाव मिळेल का, यावर उत्तर आलं नाही. आत्या म्हणाली, "चल गं, तीनशे रुपयांसाठी नको." आणि आम्ही बाहेर पडलो.

एक गोष्ट वैद्यकीय बाजूची. डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं की व्हॅक्यूम हा उपायाचा एक भाग आहे. गादीतले धुळीचे किडे तंतूंना घट्ट धरून असतात, ते ओढले जात नाहीत. त्यांची विष्ठा आणि सुटे कण निघतात. किडे मरायला चादरी-अभ्रे साठ अंशांच्या पाण्यात धुवावे लागतात आणि गादीला बंद खोळ लागते. म्हणून गादीवर यंत्र मी फिरवते, ती तेव्हा बाहेरच्या खोलीत बसते आणि नंतर अर्धा तास आत येत नाही. पुस्तकं मात्र तिची तीच करते.

जुन्याचा प्रवास

इथे मी सगळ्यांत जास्त चुकले.

आत्याच्या इमारतीत कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. पुणे शहरात घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम ती महापालिकेबरोबर करते. ताईंना मी यंत्र दाखवलं. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती सेलांबद्दल: "हे ओल्यात टाकू नका ताई, सुक्यातपण नका. आम्ही हातानं निवडतो." एवढं वाक्य पुरेसं होतं. घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा हा नियम मला पाठ होता, पण तो कोणाच्या हातांसाठी आहे हे मी त्या दिवशी ऐकलं.

गल्लीतले भंगारवाले काका यंत्र घ्यायला तयार होते, वजनावर. त्यांच्या धंद्यात त्याचा अर्थ मोटर फोडून तांब्याची गुंडाळी काढायची, बाकीचं प्लास्टिक पुढे. त्यांना मी दोष देत नाही. यंत्रात किंमत येते ती तेवढीच. कायदेशीर रिसायकलिंगचा हिशेबही त्याच धातूंवर चालतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये उत्पादकांना विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याचं रिसायकलिंग झाल्याची प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. पहिल्या दोन वर्षांसाठी हे प्रमाण ६० टक्के, मग ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. ही प्रमाणपत्रं निघतात सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या धातूंच्या वजनावर. म्हणजे आत्याच्या यंत्रातली २१० ग्रॅमची मोटर कुणालाही हवी असते, एबीएसचं टरफल कुणालाच फारसं नको असतं. व्हॅक्यूम क्लीनर या नियमांच्या यादीत स्पष्टपणे आहे, त्यामुळे तो ई-कचरा आहे की नाही हा वाद नव्हता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरांची यादी असते. त्यातून मी पुण्याच्या आसपासचे काही फोन लावले. सगळे नीट बोलले, पण एक किलोच्या वस्तूसाठी टेम्पो कोण पाठवणार? एकाने सांगितलं, पन्नास किलो जमवा, येतो. मग मी आणि आत्याने तिची इमारत आणि शेजारच्या तीन इमारतींत हाताने लिहिलेली पत्रकं लावली. दोन रविवार जिन्याखाली बसलो. इस्त्र्या, मिक्सरची भांडी नसलेल्या मोटारी, मेलेले इन्व्हर्टर-दिवे, वायरींचे गुंते, तीन पंखे, एक जाडजूड टीव्ही. जुने मोबाइल द्यायला लोक कचरत होते, आतल्या फोटोंमुळे. दुसऱ्या रविवारी एका मुलाने फुगलेली मोबाइल बॅटरी आणली, पिशवीत चाव्यांसोबत. ती आम्ही लगेच बाहेर, मोकळ्या कुंडीतल्या कोरड्या वाळूत ठेवली. लिथियमची फुगलेली बॅटरी चेपली किंवा टोचली गेली तर पेट घेते. एकूण ६४ किलो भरलं. टेम्पो आला, वजन झालं, पावती मिळाली, आत्याचं यंत्र चार्जरसकट गेलं.

सेल मात्र गेले नाहीत. टेम्पोबरोबर आलेल्या माणसाने सेलांच्या बरणीकडे पाहून नकारार्थी मान हलवली: सुट्या बॅटऱ्या आम्ही घेत नाही. मला राग आला, मग नियम वाचले तेव्हा त्याचं बरोबर आहे हे कळलं. ई-कचऱ्याच्या नियमांतून बॅटरी कचरा वगळलेला आहे. त्यासाठी ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम वेगळे आहेत, आणि त्यांची नोंदणीही वेगळी. बॅटरी यंत्रात असती तर ती यंत्राबरोबर गेली असती आणि पुढे तिथल्या लोकांनी काढून योग्य जागी दिली असती. मी हौसेने कापून वेगळी केली आणि एका वस्तूच्या दोन वस्तू झाल्या, दोन दारांच्या. त्यामुळे आता सांगते: बॅटरी हाताने खटकन निघत असेल तर काढा, टोकांना टेप लावा. स्क्रू आणि वायरी कापून निघणारी असेल आणि फुगलेली किंवा गळलेली नसेल, तर आतच राहू द्या, आणि देताना 'आत निकेल-कॅडमियम आहे' असं कागदावर लिहून चिकटवा. सेलावर काट मारलेली कचरापेटी आणि खाली 'सीडी' अशी इंग्रजी अक्षरं असतात, ती कॅडमियमची खूण. बॅटरीत वजनाच्या ०.००२ टक्क्यांहून जास्त कॅडमियम असेल तर ती छापणं बंधनकारक आहे.

सहा सेल प्लास्टिकच्या बरणीत, कोरड्या वाळूत, आत्याच्या गॅलरीत सहा आठवडे राहिले. आत्या रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना बरणीचं झाकण तपासायची. शेवटी दोन्ही नोंदण्या असलेला एक रिसायकलर मिळाला, त्याची गाडी मार्चच्या अखेरीस आमच्या भागातल्या एका कार्यालयात येणार होती. मी बरणी घेऊन तिथे गेले. त्यांनी सेल मोजले, वजन २९० ग्रॅम लिहिलं, सही केली.

हे लिहिताना नव्या यंत्राला चौदा महिने झालेत. फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला आत्याने एक कागद डकवला आहे. त्यावर खरेदीची तारीख, बॅटरीचा प्रकार, दोन स्क्रू कुठे आहेत त्याचं तिने काढलेलं छोटं चित्र, रिसायकलरचा फोन नंबर, आणि खाली दर चार-पाच महिन्यांनी घड्याळ लावून मोजलेली वेळ, जोरावर चालवून: १४ मिनिटं, १४, १३. बरणी अजून गॅलरीत आहे. घड्याळांचे, रिमोटचे सेल लोक तिच्याकडे आणून देतात, टोकांना टेप लावून. ती आतापर्यंत दोनदा रिकामी करून आलो.